हवा आत सोडणारी लेन्स

डॉक्टरबाईंनी माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, दोन डोळ्यांत दोन वेगळ्या लेन्स घातल्या आणि आम्हाला बाहेर बसवलं. डाव्या डोळ्यात नेहमीची, भरपूर पाणी धरणारी, मऊ. उजव्यात नवी, सिलिकॉनची. जरा ताठ, पण हवा जास्त आत सोडणारी. "थोड्या वेळानं सांग, कुठली हवी," बाई म्हणाल्या.

मी खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसले. तिचे डोळे लालभडक. बारीक शिरा बुबुळाच्या कडेवर चढू लागलेल्या. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यात रक्तच नसतं, तो थेट हवेतून श्वास घेतो, हे मला आजच कळलं. हवा पुरेनाशी झाली की शिरा तिकडे धाव घेतात. म्हणजे इतकी वर्षं नेहमीच्या लेन्सखाली तो गुदमरत होता आणि हिला पत्ताही नव्हता. ती लेन्स घातल्याचं जाणवतसुद्धा नाही, म्हणूनच तर ती हिची लाडकी!

तिनं उजवा डोळा मिचकावला. मी आणखी पुढे झुकले.

"टोचतेय का गं? चोळू नकोस. डावीच बरी ना?"

"आई, किती जवळ बसलीयेस! जरा मला बघू दे ना."

इतकं मऊ, इतकं बिलगून राहणारं काही आपला श्वास अडवत असेल, असा संशय तरी कुणाला येतो?

बाईंनी दार उघडून विचारलं. मुक्तानं दोन्ही डोळे मिटून उघडले.

"उजवी. जाणवते थोडी. पण चालेल."

मी खुर्ची मागे सरकवली. फरशीवर तिचा केवढा आवाज झाला.