उघाडीला बसवलेलं यंत्र

आमच्या गावात खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये एक बांध आहे आणि बांधात एक झडप. तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीआधी बंद करायची. चुकलं की खारं पाणी आत, मग काही वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. हे काम बाबांकडे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही ते शेवाळलेल्या बांधावरून जात आणि घसरत. घसरल्याचं मला शेजाऱ्यांकडून कळे.

मी कारखान्यांसाठी कंट्रोलर बनवतो. इथे एक मायक्रोकंट्रोलर, बांधाच्या दोन्ही अंगांना पाण्याची पातळी सांगणारे फ्लोट आणि झडपेला मोटर बसवली. बाहेर पाणी जास्त तर बंद, आत जास्त तर उघड. सुरुवातीलाच फ्लोटच्या पाइपात एक चिंबोरी राहायला आली. तिला काढून जाळी लावली. त्यानंतर यंत्र चुकलं नाही, तरी तक्रार आलीच. उघाडी सोडण्याआधी बाबा हाक मारत, "सोडतंय गो!" मग बायका उघाडीपुढच्या नाल्यात मासे धरायला लावलेली जाळी सावरत. यंत्र मुकाट्याने उघडलं आणि शेजारच्या काकीचं जाळं खाडीत गेलं.

"येवढा शिकला, पन हाक मारायला न्हाय शिकला," ती मला म्हणाली. मी भोंगा बसवला. तोही तिला आवडला नाही.

उघाडी कधी सुटणार, हे आता बाबांना कोणी विचारत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी भोंगा काढला आणि पडवीत एक हिरवं बटण बसवलं.

"हाक मारा आणि हे दाबा," मी बाबांना सांगितलं. "त्याशिवाय उघडणार नाही."

हे खोटं होतं. पाऊण तास वाट पाहून उघाडी आपोआप उघडेल, असं मी प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं होतं. एखादं जाळं गेलं तर जाऊ दे, भात वाचायला हवा. बंद करताना तर कोणाचीच वाट पाहायची नव्हती.

गणपतीला घरी होतो. दुपारी ओहोटी लागली तेव्हा बाबा जेवून झोपले होते. उघाडी आपली आपण उघडली. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. बाबा उठले, वाहत्या नाल्याकडे नीट पाहिलं, पडवीत येऊन हाक मारली आणि बटण दाबलं.

"बाबा, पाणी केव्हाच सुटलंय," मला राहवलं नाही.

"म्हाईत हाय. आखाडापासून म्हाईत हाय."

"मग दाबता कशाला?"

"न्हाय दाबलं तर तुला वाईट वाटंल," ते म्हणाले. "मंग तू आनखी कायतरी बसवशील."