आर.एन.ए.ची चुकीची घडी

माझी आई गुजरातच्या सीमेवरच्या झाईला राहते आणि मासे विकते. गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत ती विकते, आणि मी काय करते तेही त्याच भाषेत सांगते. फक्त भाषेगणिक माझं काम बदलतं. मराठीत मी ‘मोठ्या लॅबमध्ये’ असते. सीमेपलीकडे उंबरगावच्या बायकांना ती सांगते, ‘दवा शोधे छे.’ समुद्र बघायला आलेल्या हिंदी बोलणाऱ्यांसाठी मी ‘डॉक्टर है, लेकिन सुईवाली नहीं’. सत्याच्या सर्वांत जवळ हे तिसरं.

त्या हिवाळ्यात मी पुण्यात पीएचडीच्या पाचव्या वर्षात होते. माझा विषय होता आर.एन.ए.चा एक लांबडा रेणू आणि त्याला धरणारं एक प्रथिन. आर.एन.ए. म्हणजे चार प्रकारच्या मण्यांची एकपदरी माळ. शाळेच्या पुस्तकात ती कंगव्यासारखी सरळ काढतात. प्रत्यक्षात ती क्षणभरही सरळ राहत नाही. काही मण्यांना ठरावीक मण्यांशी जोडी जमवायची ओढ असते, त्यामुळे माळ स्वतःवरच दुमडते, जोड्या लागतात, मध्ये जोडी न लागलेल्या मण्यांचे फासे उरतात. या घडीवरून प्रथिन ठरवतं की हिला धरायचं का, आणि धरायचं तर कुठे.

आमच्या आर.एन.ए.ची घडी मी शोधली होती. पद्धत सर्वमान्य होती. पूर्ण तयार झालेला आर.एन.ए. नळीत घ्यायचा, तापवून सगळ्या जोड्या सोडवायच्या आणि सावकाश थंड करायचा. तो शिस्तीत दुमडतो. मग प्रथिन घालायचं. आमचं प्रथिन शेवटच्या टोकाच्या फाशाला घट्ट धरायचं. त्याचं चित्र छापून आलं होतं आणि माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं त्या चित्रावर उभी होती. दोन महिन्यांत प्रबंध जमा करायचा होता. एकच खोडा होता. जिवंत पेशींमध्ये मी तो फासा मोडला, म्हणजे प्रथिनाची पकड सुटायला हवी होती, तरी पेशींना काहीच फरक पडला नव्हता. दोष पेशींचा आहे असं मी ठरवलं. पेशी उलट उत्तर देत नाहीत, ही त्यांची मोठी सोय आहे.

त्यातच डहाणूच्या एका मंडळाने माझा सत्कार ठरवला. पदवी अजून मिळालेली नाही, असं मी अध्यक्षांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “ताई, पदवी मिळाल्यावर सगळेच करतात. आपण आधी करतोय.” फ्लेक्सवर माझा दहावीच्या फॉर्मवरचा फोटो होता आणि मागे डी.एन.ए.ची पीळदार शिडी. हा माझा रेणू नव्हे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणलं. “दोन्ही एकाच घरातले ना?” ते म्हणाले. त्यांचं चुकलं होतं असंही म्हणवत नाही.

सत्कार रविवारी होता, मी शुक्रवारी घरी पोचले. होडी भरून आली होती आणि आई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मी लहानपणी हे केलं होतं, पण मध्ये बरीच वर्षं विज्ञान झालं होतं. आई पाणी प्यायला गेली तेव्हा मी काम शास्त्रशुद्ध करायला घेतलं. दोन टोपल्या प्लास्टिकवर ओतल्या. सारख्या लांबीच्या जोड्या लावल्या की दोरीवर तोल राहील, असा हिशेब होता.

आई परत आली आणि ढिगाकडे बघत राहिली.

“हे काय केलंस बाय?”

“साइजप्रमाणे लावतेय.”

“लाव. मी पण बघते.”

मी एक उचलला, त्याच्याबरोबर चार आले. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात. कुणाचा जबडा कुणाच्या कल्ल्यात, कुणाचा शेपटीत. सोडवायला गेलं की मऊ अंग फाटत होतं.

“टोपलीतून निघेल तसा घ्यायचा आणि अडकवायचा,” आई खाली बसत म्हणाली. “सगळे एकदम मोकळे टाकलेस की आपापसात धरतात. मग दोरीला कोण येतंय? पुण्याला हेच शिकवतात काय?”

आम्ही तासभर सोडवत बसलो.

इथे मला साक्षात्कार झाला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण ते खरं नाही. पेशीत आर.एन.ए. पूर्ण बनेपर्यंत थांबत नाही, तो एका टोकाकडून बनत जातो आणि बाहेर येईल तसा दुमडत जातो, हे मला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. प्रथिनंही वाट बघत नाहीत. अर्धी माळ बाहेर आली की तिला धरतात, आणि मग उरलेल्या मण्यांना वाटेल तिथे जोड्या लावता येत नाहीत. सगळं पुस्तकात होतं. ते दुसऱ्यांच्या आर.एन.ए.बद्दल लिहिलंय, अशी फक्त माझी समजूत होती. मी पाच वर्षं पूर्ण माळ एकदम मोकळी सोडून, तिने आपापसात जे धरलं त्याचं चित्र काढत होते की काय, ही शंका हाताला बोंबलाचा वास असताना आली, एवढंच.

शनिवारी सकाळी सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“शक्य आहे,” ते म्हणाले. “पण परीक्षक हे विचारणार नाहीत. पेपर तपासणाऱ्यांनी तरी कुठे विचारलं? आधी जमा कर, पदवी घे. मग निवांत तपास.”

“आणि चुकीचं निघालं तर?”

“तर दुरुस्ती छापू. पदवी परत मागत नाहीत.”

ते लबाड नव्हते. मला लवकर मोकळं करावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. मलाही वाटत होतं, हीच अडचण होती.

रविवारी डहाणूच्या हॉलमध्ये अध्यक्ष पाऊण तास बोलले. त्यात मी कर्करोगावर उपाय शोधला होता. सत्काराचा क्रम असा असतो की शाल आधी घालतात आणि बोलायला नंतर देतात, त्यामुळे मी शाल सांभाळत उभी राहिले. म्हणाले, मी कशावरही उपाय शोधलेला नाही. एका रेणूचा आकार शोधला होता, तोही चुकला असावा. आधी तपासणार आहे, मगच प्रबंध जमा करीन.

अध्यक्षांनी माईक घेतला. “पाहिलंत? एवढी मोठी झाली, पण ही नम्रता.” टाळ्या वाजल्या, अगदी मनापासून. त्या हॉलमध्ये खरं बोलायची दुसरी कुठली पद्धत आहे, ते मला आजही माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये आईने शाल घडी करून पिशवीत ठेवली. घोलवड गेल्यावर म्हणाली, “ते नम्रता-बिम्रता नव्हतं ना?”

“नाही.”

“खरंच चुकलंय?”

“तपासल्याशिवाय सांगता येत नाही.”

“मी तर सगळीकडे सांगून बसले, या पावसाळ्याआधी डॉक्टर होणार म्हणून.” तिने मला न तपासायला सांगितलं असतं, तर कदाचित मी ऐकलं असतं. तिने सांगितलं नाही.

तपासायला पाच आठवडे लागले. या वेळी प्रथिन नळीत आधीपासून ठेवलं आणि आर.एन.ए. त्याच्यासमोर हळूहळू बनू दिला. प्रथिनाने पहिला अर्धा भाग बाहेर येताच धरला. शेवटचा फासा तयारच झाला नाही. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा नाही. आमच्या चित्रातली घडी नळीत होती, पेशीत कधीच नव्हती.

निकालाचे कागद हातात घेऊन जिन्यातच आईला फोन लावला. मागे बाजाराचा गलबला होता.

“चुकलंच होतं,” मी म्हणाले.

“अजून किती?”

“वर्ष. जास्तही लागेल.”

कोणीतरी पापलेटचा भाव विचारत होतं, त्याला तिने थांबायला सांगितलं.

“सरांना सांगितलंस?”

“नाही अजून.”

“मग मला काय सांगत बसलीस? त्यांना सांग जा. बाजारात कोण काय विचारेल ते मी बघते.”

सरांचं दार उघडं होतं. मी कागद त्यांच्यापुढे ठेवले, शेवटचा सर्वांत वर. त्यांनी चष्मा घातला आणि मला बसायला सांगितलं. त्या खोलीतून बाहेर पडायला मला पाऊण तास लागला, आणि प्रबंध जमा करायला आणखी दीड वर्ष.