कबुलायतींची पेटी

दिंडोरी तालुक्यातला तो पेटीचा तपास निवृत्तीनंतरही माझ्या मनातून जात नाही.

मी तेव्हा पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका गावच्या ग्रामसेवकाने फिर्याद दिली की ग्रामपंचायतीच्या कपाटातून पत्र्याची पेटी चोरीला गेली. पेटीत मोडी लिपीतले जुने कागद होते. गावच्या माळाची जमीन पहिल्यांदा खंडाने दिली, तेव्हा कुळांनी लिहून दिलेल्या कबुलायती, म्हणजे करारपत्रं, आणि त्यांवरच्या पुढच्या नोंदी. त्या माळाला आता द्राक्षबागांमुळे भाव आला होता आणि हक्काचा वाद तहसीलदारांपुढे होता. कुलूप तुटलेलं नव्हतं. म्हणजे काम गावातल्याचंच.

पंचनामा सुरू असतानाच ठाण्यात निनावी फोन आला. बाईचा आवाज. "सरपंचाच्या भावाचं घर बघा. नायतर कागद जळालेच समजा."

सरपंचाचा भाऊ तो माळ विकत घ्यायच्या खटपटीत होता. त्याला बोलावलं. सुरुवातीला नुसतंच "मला काय ठाव" चाललं होतं. मी गप्प बसून राहिलो. समोरचा अधिकारी बोलत नाही म्हटल्यावर बरीच माणसं स्वतःच बोलू लागतात. तोही लागला.

"शिपायाकडं चावी मागितली व्हती साहेब. पन नुसतं बघायला. त्यानं दिली नाय."

"मोडी वाचता येतं?"

"नाय."

"मग बघणार काय होतास?"

त्याचा हेतू स्वच्छ नव्हता, हे उघड होतं. पण झडतीत त्याच्या घरी, शेडमध्ये, पिकअपमध्ये काहीच मिळालं नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई तर शपथेवर शपथ घेत होता. गावात प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा आणि आमची गाडी दिसली की विचारायचा, "साहेब, पेटी घावली का?"

विचारत नव्हती ती फक्त एक बाई. ग्रामपंचायतीची सदस्य, पन्नाशीची विधवा. त्या माळावर तिच्या सासरचाही दावा होता. हे कागद नीट जपा, त्यांचे फोटो काढून ठेवा, म्हणून ग्रामसभेत सगळ्यात जास्त भांडली होती तीच. ज्याची वस्तू हरवते त्याच्या तोंडी पहिला प्रश्न तोच असतो. हिच्या तोंडी तो एकदाही आला नाही.

महिला शिपायाला घेऊन तिच्या घरी गेलो. तिने चहा टाकला. मी म्हणालो, "ताई, फोन तुम्हीच केला होता ना?"

तिने कप आमच्यापुढे ठेवले. मग म्हणाली, "तुमी सरपंचाच्या भावाच्या घरात शिरता का त्याचा चहा पिऊन परत जाता, ते बघायचं व्हतं."

धान्याची कोठी तिने स्वतःच उघडली. बाजरीवर, कडुलिंबाच्या पाल्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पेटी होती. मिटिंगच्या गडबडीत कपाट उघडं राहिलं, तेव्हा तिने ती उचलली होती.

"त्याचं कागद पेटवायचं बोलनं म्या कानानं ऐकलं. सांगायचं कुनाला? सगळे एकमेकांचे सोयरे."

"पण ही चोरीच झाली."

"हाय. लिवा."

जमिनीच्या वादातल्या दोन्ही बाजूंच्या पंचांसमोर एकेका पानावर क्रमांक घालून मुद्देमाल जप्त केला. दोषारोपपत्र तिच्यावरच गेलं. तिने गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने समज देऊन सोडलं. आदेशानुसार कागदांचं स्कॅनिंग झालं, मूळ प्रती तालुक्याच्या अभिलेख कक्षात गेल्या.

मोडी जाणकाराने ते वाचले तेव्हा कळलं की बाईच्या आजेसासऱ्यांनी खंडाने घेतलेली जमीन राजीखुशीने सोडून दिली होती. तिचा दावा तिथेच संपला.

नंतर ती दिंडोरीच्या बाजारात भेटली. राहवलं नाही, विचारलं, "ताई, वाईट वाटतं का?"

"वाटतं की," भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेत ती म्हणाली. "पन ते जळले असते ना साहेब, तर माझी पोरं जल्मभर म्हनली असती, जमीन आमचीच व्हती, गावानं लुबाडली. आता गावात कुनाच्याबी घरी जेवाया बसतात."

नोकरीभर मी एकच प्रश्न विचारत आलो होतो, वस्तू नाहीशी झाल्याने फायदा कुणाचा? त्या तपासानंतर मी आणखी दोन विचारू लागलो. ती नाहीशी होईल, अशी भीती कुणाला होती? आणि त्या माणसाने पोलिसांकडे न येता स्वतःच का हात घातला? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आमच्याच ठाण्यात सापडलं.