पाणी उजव्या हाताला

तापीमाईने बोलावल्याशिवाय तिच्या काठाला कुणाचे पाय लागत नाहीत, अशी आता माझीही खात्री झाली आहे. मला मात्र त्या दिवशी बायकोने पाठवलं होतं.

तिच्या स्तनात गाठ निघाली होती. सुरतच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि ती म्हणाली, नवस फेडल्याशिवाय येणार नाही. अठरा वर्षांपूर्वी मी काविळीने दवाखान्यात पडलो होतो, तेव्हा ती तापीला बोलली होती: हे बरे होऊ देत, मी अनवाणी दोन्ही काठांनी तुझी फेरी घालीन. मी बरा झालो. मग मुलांच्या परीक्षा आल्या, मग तिचे गुडघे गेले, आणि फेरी राहूनच गेली. ऑपरेशनचा आणि नदीचा काय संबंध, असं मी विचारलं. आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या माणसाने हे विचारायला नको होतं. सुरत कोणत्या नदीवर आहे हे मला ठाऊक होतं.

"सुरतलेबी तीच माय शे," ती म्हणाली. "तिले काय तोंड दाखाडू?" आणि माझ्याकडे बोट दाखवून, "तुम्हनाच जीवकरता बोलनी व्हती. तुम्ही गयात तरी चाली जाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताना खण-नारळ पिशवीत घालून मी शहाद्याहून तापीच्या बॅरेजवर, बंधाऱ्यावर गेलो आणि चपला स्कूटरच्या डिकीत ठेवल्या. एका काठाने वरच्या पुलापर्यंत जायचं, पूल ओलांडून दुसऱ्या काठाने परत यायचं. दहाएक किलोमीटर, सगळं सपाट. नर्मदेची परिक्रमा करणारे नदी ओलांडत नाहीत, आमची तापी त्या बाबतीत समजूतदार आहे. बॅरेजच्या कोनशिलेवर इतकी नावं कोरली आहेत की नदीचं नाव घालायला जागा उरलेली नाही. मी डोकं चालवून आखणी केली: आधी बॅरेजवरून पलीकडे, नंदुरबारच्या बाजूच्या काठाने जाऊ, तिकडे निंबाची सावली आहे.

अडवलेलं पाणी म्हणजे तुंबलेलं पाणी, अशी माझी समजूत होती. त्या सकाळी ते इतकं रुंद आणि इतकं निवांत पसरलं होतं की पलीकडच्या केळीच्या बागा पाण्यातच लावल्यासारख्या दिसत होत्या. पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. एक कोळी होडीत उभा राहून जाळं ओढत होता, आणि त्याच्या हाताला जराही घाई नव्हती. मी नवस फेडायला आलोय हे विसरून दर पन्नास पावलांवर थांबत होतो. घरापासून वीस मिनिटांवर हे असताना मी जन्मभर कपाटांच्या रांगांतून फिरलो, याची लाज वाटली.

पूल ओलांडून शहाद्याच्या बाजूला आलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि तळपाय सोलले जात होते. अर्ध्याहून अधिक काठ उरकला असेल, तेवढ्यात पाण्याला लागून असलेल्या वावरात भुईमुगातलं गवत निंदणारी एक म्हातारी बाई उठून उभी राहिली. माझ्या पायांकडे, पिशवीतल्या नारळाकडे, मग नदीकडे तिने पाहिलं.

"घरमा कोनी वारलं का, बाबा?"

मी म्हणालो, नाही, बायकोचा नवस आहे. तिचं ऑपरेशन आहे.

"मंग उलटी फेरी कसाले? पानी डावा हातले ते मयतमा ऱ्हास!"

देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतात आणि चितेला डाव्या, हे मी वाचलेलं होतं. कोणत्या पानावर, तेही सांगू शकलो असतो. सावली बघून निघताना ते आठवलं नव्हतं. या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरीही पुढचं पाऊल न टाकता मी भर उन्हात बांधावर बसलो. घरी तीन दिवसांनी ऑपरेशन असलेली बाई होती, आणि मी सकाळपासून तिच्याभोवती मयताची फेरी घालत होतो. गुपचूप घरी जाऊन फेरी झाली म्हणून सांगता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता, हेच मला सहन होईना.

बाईने काही उपदेश केला नाही. मडक्यातलं पाणी दिलं, अर्धी भाकर दिली, बांधावरच्या एरंडाची पानं तोडली आणि फडक्याच्या चिंध्यांनी माझ्या तळपायांना बांधली. अनवाणी म्हटलंय, हे चालेल का, असं मी विचारलं.

"झाडनं पान शे ते, दुकानमा थोडंच भेटस! उठा. आठेंगच सुरू करा, आठेंगच पुरी करा. पानी उजवा हातले धरा."

म्हणून तिच्या बांधापासूनच, आलो त्या वाटेने मागे वळलो. त्या फेरीचं फार सांगण्यासारखं नाही. पानं दोनदा फाटली, दोनदा वाटेतल्या एरंडाने नवी दिली. पुलावर पोचल्यावर किती राहिलं हे बघणं मी सोडून दिलं. विश्वास ठेवणं माझ्या हातात नव्हतं, पाऊल उचलणं होतं. बाकीचं मी उजव्या हाताच्या त्या पाण्यावर सोपवलं. एवढं हलकं मला कुठल्याही पुस्तकाने केलेलं नाही. बॅरेजजवळ खण-नारळ वाहिला आणि बाईच्या वावरापर्यंतचा उरलेला काठ धरला.

अशा अनुभवांत मदत करणारी व्यक्ती नंतर अदृश्य होते. ही झाली नाही. उन्हं उतरताना मी पोचलो तेव्हा ती शेवटच्या सरीत निंदत होती.

"व्हई गये?" मान वर न करता तिने विचारलं.

"झालं, माय," मी म्हणालो, आणि तिच्या पाया पडलो. आयुष्यात फार कमी लोकांच्या पाया पडलोय. ती संकोचून म्हणाली, "आते घर जा, ती वाट देखी ऱ्हायनी व्हई."

घरी मी सगळं खरं सांगितलं. बायको कितीतरी दिवसांनी हसली. "येवढी पुस्तकं वाची, अन पानी कोनता हातले ऱ्हास ते माहीत नई!" मग उठून तिने सुरतची बॅग भरली.

गाठ निघाली, आणि तपासणीत साधी ठरली. डॉक्टरांचे आभार मी मानले, नदीचे तिने मानले, आणि त्या बाईचे आम्ही दोघांनी.

चौथ्या दिवशी ती दवाखान्याच्या पायऱ्या स्वतः उतरली. चिघळलेल्या तळपायांमुळे मला मात्र चाकाच्या खुर्चीतून आणावं लागलं.