कडबाकुट्टीचं चाक

ती घटना आठवली की आजही माझे हात नकळत जोडले जातात.

मराठवाडा मुंबई राज्यात येऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या पोलीस ठाण्यातलं जुनं दप्तर अजून उर्दूतच होतं. तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात वैरण कापायच्या नव्या कडबाकुट्टीचं लोखंडी चाक फिरवता फिरवता फुटलं आणि एका बाईची तीन बोटं गेली. आदल्या दिवशी गावच्या लोहारानं यंत्राची पाती लावून दिली होती. फिर्याद त्याच्यावरच आली. फौजदारांनी त्याला अटक करून कोठडी मिळवली. दोन दिवस एकच प्रश्न, "चाकाला कुठं ठोकलंस?" त्याचं एकच उत्तर, "चाकाला हात लावला न्हाय, साहेब." इकडे गावानं कामं दुसऱ्या लोहाराकडे न्यायला सुरुवातही केली होती.

बाईचा जबाब घ्यायला मला दवाखान्यात पाठवलं. पोलिसाच्या नोकरीत मी नवी, इंग्रजी शाळेत शिकलेली. गावच्या बोलीत प्रश्न विचारायला बिचकायची. म्हणून वही उघडून नुसती तिच्या खाटेजवळ बसले. मग तीच बोलू लागली.

"लोहारदादाला सोडा, बाई. त्या चाकावर लोकांची लई नजर होती. दसऱ्याला पूजा केली, चाकाखाली धुपाटणं ठेवलं, तर आऱ्यातनं काळं काळं गळलं. सासूबाई म्हणल्या, बरं झालं, दृष्ट उतरली."

मी हे शब्द तसेच लिहून आणले. फौजदार हसले, "दृष्टीला कोणतं कलम लावायचं?"

कोठडीतला लोहार मात्र गजाला धरून उभा राहिला. "काळं गळलं? मग ते मेण हाय, बाईसाहेब. ओतकामात भोक पडलं की मेणात काजळी कालवून बुजवत्यात, वरनं रंग देत्यात. दोन दिस मला इचारताय, एकदा लोखंडाला इचारा की!"

फौजदारांनी दुकानातून त्याच कारखान्याचं कोरं चाक जप्त केलं आणि पंचांसमोर शेगडीवर धरलं. रंग फुगला, मेण ओघळलं आणि अंगठा जाईल एवढं भोक उघडं पडलं. फुटलेल्या तुकड्यातही तसाच खड्डा निघाला. लोहाराला सोडण्याचा अहवाल त्याच दिवशी कोर्टात गेला.

कारखानदार वकील घेऊन आला. "माल विकला की आमचा संबंध संपला."

फौजदार म्हणाले, "तुम्हाला भोक दिसलंच नसतं तर चूक म्हटलं असतं. तुम्ही तर ते बुजवलंय."

कोर्टानं त्याला शिक्षा केली आणि दंडातून बाईला भरपाई देवविली.

वस्तू बनवणारा लांब असतो, म्हणून आपण जवळ सापडेल त्याला धरतो. हे मला एका आरोपीनं शिकवलं, तेही आम्ही त्याच्यावर अन्याय करत असताना. सुटल्यावर तो घरी न जाता आधी दवाखान्यात त्या बाईला बघायला गेला. त्याची माफी मागायला मी शब्द जुळवत राहिले आणि तो निघून गेला.