खळ्यावर चालेल

वडिलांचा शब्दकोश झटकला की अजून त्यातून ज्वारीचं भूस पडतं. एका वर्षी झरी गावच्या खळ्यावर ज्वारी उपणायला दोन दिवस वारं नव्हतं. तिसऱ्या दुपारी आई म्हणाली, “हवा सुटली, ओता की आता.” मास्तर असलेले वडील तिवईवरून टोपलं घेऊन खाली उतरले. “हवा अरबी शब्द. आपण वारं म्हणावं.” पिशवीतला कोश काढून त्यांनी सगळे अर्थ मोठ्यानं वाचले. “बघ, अरबीच.” आई म्हणाली, “असंल. पर तुम्ही वाचस्तवर पडली की ती.” परवा त्या पानाच्या कडेला त्यांचं अक्षर दिसलं: ‘हवा. खळ्यावर चालेल.’ हे तेव्हाच सुचलं असतं, तर आम्ही आणखी चार दिवस उन्हात बसलो नसतो.