कुंकू लावलेली सीडी

आईने गायलेली सात गाणी मी घरीच सीडीवर उतरवून घेतली होती. त्या दसऱ्याला तिने कॉम्प्युटरबरोबर सीडीलाही ओलं हळदकुंकू लावलं. "सीडीची कसली पूजा करतेस?" म्हणत मी तिच्यावर खेकसलो.

यंदा आई गेली. सीडी चालेना, म्हणून ती घेऊन मी जवाहर चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने तीन दिवस खपून सहा गाणी काढली. सातवं निघालं नाही. कुंकवाखालचा चकचकीत थरच ओलीने खराब झाला होता.

"अब ये किसी काम की नहीं," म्हणत तो सीडी कचऱ्यात टाकू लागला. मी त्याच्यावरही खेकसलो आणि ती हिसकावून घेतली. वाळलेल्या कुंकवात आईच्या अनामिकेच्या रेषा अजून दिसत होत्या.